अकारविल्हे पसंतीक्रम

लातूर,
दि. ११ ऑगस्ट

कै. सौ. दामिनी अमरनाथ मामीडवार यांस,

अनेक आशीर्वाद. (पतीने पत्नीस पत्र लिहिताना हाच मायना योग्य. तथापि तू सध्या जेथे आहेस तेथून आशीर्वाद इकडे यावेत की येथून तिकडे जावेत, याविषयी मला कोठेही स्पष्ट तरतूद आढळली नाही. तुझ्या नावाआधी ‘कै.’ आणि ‘सौ.’ ही दोन्ही उपपदे एकदम लावावीत काय, हेही मी तिघांना विचारले. दोघे हो म्हणाले आणि तिसरे रडू लागले. म्हणून दोन्ही ठेवली आहेत.)

तुझी प्रकृती आता उत्तम असेल असे गृहीत धरतो; ती बिघडण्याचे कारण उरलेले नाही. माझे म्हणशील तर रक्तदाब साधारण, भूक साधारण, झोप ठीक. फक्त पाय ठीक नाहीत. ते दुखत नाहीत, थांबत नाहीत. फेब्रुवारीपासून मी नांदेडच्या घरात स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर असा चालतो आहे. खुर्चीत बसलो की काहीतरी राहिले आहे असे वाटून उठतो. उठलो की काय राहिले ते आठवत नाही. म्हणून आठवण्यासाठी चालतो. खालचे घरमालक नरसिंगराव एके दिवशी वर आले आणि दारातूनच म्हणाले, “सर, राग नका मानू, पन चार महिने झाले तुम्ही वर काहीतरी शोधून राहिलात. सापडलं का?” मी ‘अद्याप नाही’ असे उत्तर दिले. ते मान हलवून खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेच्या हाती माझ्यासाठी रबरी सपाता पाठविल्या.

आता पत्राचे कारण. शेवटच्या आठवड्यात तू मला एकच काम सांगितले होतेस: लातूरची खोली रिकामी करून किल्ल्या घरमालकीण रहमतबींना परत देणे. घाई नाही, असेही तू म्हणाली होतीस, आणि तेवढा भाग मी तंतोतंत पाळला. पाच महिने गेलो नाही. खरे सांगावयाचे तर त्या खोलीविषयी माझ्या मनात किंचित अढी होती. सव्वीस वर्षे तू लातूरच्या शाळेत आणि मी नांदेडच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात. सोमवारी पहाटेच्या बसने तू जाणार, शुक्रवारी संध्याकाळच्या बसने येणार. मराठवाड्यातील निम्मे नोकरदार संसार असेच चालतात, त्यामुळे तक्रार नव्हती. परंतु सेवानिवृत्त झाल्यावरही तू ‘थोडं काम आहे’ म्हणून सोमवारी जातच राहिलीस. मी समजलो, शिकवण्या घेत असशील. कसले काम, असे मी एकदाही विचारले नाही. (मंजूर झालेल्या रजेचे कारण अधीक्षकाने पुन्हा विचारू नये, हा माझा तेहतीस वर्षांचा शिरस्ता.)

दि. ७ जुलै रोजी दोन रिकाम्या गोण्या, सुतळीचे एक बंडल आणि कामांची यादी घेऊन मी लातुरास आलो. एका दिवसाचे काम, संध्याकाळच्या बसने परत, असा अंदाज होता. रहमतबींनी जिन्याखालीच गाठले. (खाली त्यांचे घर, त्याच्याच पुढच्या खोलीत मुलगा जिलानी याचे झेरॉक्सचे आणि ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे दुकान, आणि वर तुझी खोली, हे तुला सांगण्याची गरज नाही, पण अहवालात स्थळ नमूद करावे लागते.) त्या म्हणाल्या, “आले का सर? बाई म्हनत होत्या, आमचे सर येतील, पन आधी टाइमटेबल बघतील. पाच महिने बघून राहिले का टाइमटेबल?” त्यांनी किल्ली दिली नाही. ती माझ्याकडेच होती. परंतु खोली आतून झाडलेली होती, याचा अर्थ दुसरी किल्ली त्यांच्याकडे असावी. हे मी नोंदवून ठेवले.

खोलीत एक पलंग, दोन समोरासमोरच्या खुर्च्या, माठ, आणि खिडकीबाहेर शिकवणी वर्गांचे ते अवाढव्य फलक, ज्यांवरून पाचशे मुलेमुली आपापल्या गुणांसह आत पाहत असतात. मी पहिली गोणी उघडली आणि दहाव्या मिनिटाला दारात एक वृद्ध बाई उभी राहिली. “बाई हायत का?” मी झालेली घटना तारखेसह सांगितली. ती खाली पायरीवर बसली, पदर डोळ्यांना लावून बराच वेळ रडली, मग नाक पुसून म्हणाली, “मंग आता मी कुनाला इचारू? तुमी बाईचे मालक ना? मंग तुमीच सांगा.” प्रश्न असा होता की तिच्या नातवाने पोलीस भरतीची तयारी करावी की मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसावे. मी म्हणालो, नातवाची दहावी-बारावीची गुणपत्रके, उंचीचा दाखला आणि मामांचे संमतिपत्र, प्रत्येकी दोन साक्षांकित प्रतींत आणावे. ती हो म्हणाली आणि पुन्हा आली नाही. पण तिच्यामागे दुसरे आले, दुपारी तिसरे. संध्याकाळची बस गेली. त्या दिवशी मला उमगले की तू येथे शिकवण्या घेत नव्हतीस.

दामिनी, मी तुझे दफ्तर शोधले. कपाट, पलंगाखाली, माठाच्या मागे. एवढे लोक येत होते तर एखादी नोंदवही, एखादे आवक पुस्तक, निदान नावांची यादी? काही नव्हते. इतके मोठे कार्यालय तू कागदाच्या एका कपट्याविना चालविलेस, हे कळल्यावर मला प्रथम धक्का बसला, नंतर आव्हान वाटले. मी ठरविले की खोली सोडण्यापूर्वी प्रलंबित प्रकरणे निकाली काढावीत. दुसऱ्याच दिवशी दारावर फलक लावला: ‘निर्णय-साहाय्य. वेळ सकाळी १० ते १. रांगेने यावे. अर्ज नमुन्यातच करावा.’ त्या दिवशी कोणीच आले नाही. तिसऱ्या दिवशी जिलानीने फलक काढून आणला आणि म्हणाला, “सर, लोक खालूनच वाचून परत जाऊन राहिले. त्यांना वाटलं तहसील वर शिफ्ट झालं.”

फलक गेला आणि ईश्वरप्पा आला. (निलंग्याकडचा, येथे वह्यापुस्तकांचे दुकान, वय अडतीस, तुझ्याकडे दोन वर्षे येत होता म्हणे.) त्यास दोन स्थळे सांगून आली होती आणि कोणते पत्करावे ते ठरत नव्हते. येथे मला प्रथमच माझ्या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटले. मी शंभर गुणांचा तक्ता करून दिला: शिक्षण वीस, स्वभाव वीस, उंची दहा, स्वयंपाक दहा, नातेवाइकांची संख्या (कमी असल्यास जास्त गुण) दहा, उरलेले तीस संकीर्ण, असा. ईश्वरप्पाने माझ्यासमोर प्रामाणिकपणे गुण भरले, बेरीज केली, आनंदाने पाया पडला आणि गेला. त्याने तो तक्ता खिशात घालून पहिल्या स्थळी जावे, तेथे रुमाल काढताना तो खाली पडावा, आणि भावी सासऱ्यांनी तो उचलून बैठकीत मोठ्याने वाचावा, याची तरतूद माझ्या नमुन्यात नव्हती. ‘स्वयंपाक: चारच गुण, चहावरून अंदाज’ येथपर्यंत वाचल्यावर चहाचे कप आत परत नेण्यात आले. दुसऱ्या स्थळाकडील मुलगी शिक्षिका आहे. तिच्या कानावर हे सर्व गेले तेव्हा तिने निरोप पाठविला की आधी आपली गुणपत्रिका पाठवा, मग बोलू. ईश्वरप्पा ती रोज भरतो आणि रोज खोडतो. परवा त्याने स्वतःस स्वभावाचे अकरा दिले आणि मला विचारले, “सर, जादा झाले का?”

या प्रकारानंतर मी गोण्या पुन्हा उघडल्या. परंतु सुतळी कापावी तोच साक्षी आली, आणि ते प्रकरण मला विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्यात गंभीर चूक झाली आणि ती माझी.

साक्षी म्हणजे चाकूरजवळच्या शेषेरावांची मुलगी. पलीकडच्या गल्लीत वसतिगृहात राहते. डॉक्टरीची प्रवेश परीक्षा दोनदा दिली. गुण बरे, पण त्या बरेपणाने जागा मिळत नाही. ती तुझ्या समोरच्या खुर्चीत बसली. मी चौदा प्रश्नांची प्रश्नावली काढली. नवव्या प्रश्नाला ती म्हणाली, “सर, बाई प्रश्न विचारत नव्हत्या.” मी विचारले, मग काय करीत? “ऐकत होत्या.” तू काय सांगत होतीस? “कधी कधी काहीच नाही. तरी ऐकत होत्या.” मी प्रश्नावली बाजूस ठेवली. (पाच प्रश्न शिल्लक राहिल्याची रुखरुख अजून आहे.) मग ती आपणहून बोलली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. तेवढ्यापुरते तिचे गुण भरपूर आहेत. वडिलांना ते मान्य नाही. त्यांना तिने तिसऱ्यांदा परीक्षेस बसावयास हवे आहे. फार विनवण्या केल्यावर ते एवढेच म्हणाले: फॉर्म भर, पण उदगीर लागले तरच, संध्याकाळच्या बसने घरी आली पाहिजेस, दुसरे गाव लागले तर गुपचूप पुन्हा अभ्यासाला बसायचे. म्हणजे सगळे काही पसंतीक्रमाच्या त्या एका ऑनलाईन अर्जावर येऊन ठेपले होते. गावांची जी नावे ज्या क्रमाने लिहू, त्याच क्रमाने जागा तपासली जाते.

अर्जाच्या दिवशी तिला रहिवासी दाखल्यासाठी चाकूरला जावे लागले. मीच म्हणालो, तू जा, अर्ज मी भरून घेतो. तेहतीस वर्षांत माझ्या हातून एकही अर्ज परत आलेला नाही. तिने गावांची यादी एका चिठ्ठीवर लिहून दिली. दुपारी मी जिलानीच्या संगणकापाशी चिठ्ठी उघडली आणि पाहतो तो काय, उदगीर, परभणी, मग नागपूर, मग आणखी दोन, आणि सर्वांत खाली अकोला. मला त्या मुलीची दया आली. इतकी हुशार, पण यादी लावण्याचे साधे शिक्षण कोणी दिलेले नाही. जिलानी म्हणाला, “पोरीनं दिलाय तसाच टाकू ना सर?” मी म्हणालो, जिलानी, यादी म्हटली की ती अकारविल्हे असते. “तुमी सांगाल तसं.” आणि आम्ही अकोला पहिल्या क्रमांकावर, उदगीर दुसऱ्या क्रमांकावर, अशी नेटकी यादी करून अर्ज पक्का केला. मी छापील प्रत काढून खाली शिक्कादेखील उमटविला असता, शिक्का नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता साक्षीने ती प्रत पाहिली. ती ओरडली नाही. तिने प्रत दोनदा वाचली, मग एकदम लहान झाल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “सर, अकोला मिळेल. माझ्या गुणांना नक्की मिळेल.” तेव्हा माझ्या ध्यानात आले. (लोकांच्या पसंतीला स्वतःचा क्रम असतो, ही गोष्ट मला सेवाकाळात कोणी सांगितली नव्हती.) अर्जात बदल करण्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. पक्का झालेला अर्ज उघडण्यासाठी लागणारा ओटीपी नोंदवलेल्या क्रमांकावर जाणार होता, आणि तो क्रमांक शेषेरावांचा. शेषेराव फोन उचलत नव्हते. दुपारी ते शेतात असतात आणि तेथे रेंज नाही. साक्षीला जिलानीजवळ संगणकापाशी बसवून मी निघालो. इस्त्रीविना निघालो. आयुष्यात असे दोनदाच घडले आहे. पहिल्या वेळी रुग्णवाहिका दारात होती.

बसमध्ये बसावयास जागा असूनही मी चाकूरपर्यंत उभा राहिलो आणि शेषेरावांना पटविण्यासाठी सात मुद्दे तयार केले. तेथून जीपने त्यांच्या गावी. घरात त्यांच्या मातोश्री धोंडाबाई होत्या. मी कोण ते सांगताच म्हणाल्या, “बाईचे मालक? अन् असे घामाघूम? पाठीमागं कुनी लागलंय का?” त्यांनी शेजारच्या सुनेस शेताकडे पिटाळले. मी ओसरीत बसलो आणि समोरच्या भिंतीवर माझी दृष्टी गेली. तेथे एक रंगविलेली पाटी टांगलेली होती: ‘डॉ. कु. साक्षी शेषेराव’. खाली दवाखान्याची वेळदेखील.

शेषेराव आले. मी झालेली चूक कबूल केली. वाटले होते ते रागावतील. ते प्रसन्न झाले. “लई बेस झालं की सर! अकोला लागनार, तिथं मी धाडनार न्हाई, म्हंजे पोरगी पुन्हा डॉक्टरीला बसनार. देवानंच अकोला वर टाकलं.” मी स्पष्ट केले की देवाने नव्हे, मी टाकले. “तेच ते. आता कशाला उघडायचा फॉर्म? ऱ्हाऊ द्या.” मी सात मुद्द्यांस प्रारंभ केला. तिसऱ्या मुद्द्यावर ते शांतपणे म्हणाले, “सर, तुमाला लेकरं किती?” मी म्हणालो, नाहीत. “मंग?” एवढेच ते म्हणाले.

दामिनी, उरलेले चार मुद्दे मी मांडले नाहीत. साडेतीन वाजून गेले होते. लातुरात एक मुलगी संगणकासमोर बसली होती. आणि मी ओसरीत नुसता बसून होतो. चहा आला, तो प्यालो. विशेष असे की त्या सर्व वेळात मी एकदाही उठलो नाही. शेषेराव माझ्याकडे पाहत नव्हते, पाटीकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने तेच बोलू लागले. “आठवीत पहिली आली तवा केली ती. अहमदपूरच्या पेंटरकडून. सगळ्या गावानं बघितली. बाहेर लावनार हुतो, आई म्हनली आत्ताच नको. आता ढोराची डॉक्टर म्हनलं तर उतरावीच लागती ना? लोक काय म्हनतील, मानसाचं जमलं न्हाई म्हून...” आणि ते थांबले.

मला सल्ला देता आला नाही. मी केवळ वस्तुस्थिती निदर्शनास आणली. म्हणालो, शेषेराव, पशुवैद्यकाच्या पदवीधरासही नावाआधी ‘डॉ.’ लावता येते. ते माझ्याकडे वळले. “म्हंजे हीच पाटी चालती?” हीच. (मी पुढे असेही सांगणार होतो की ‘डॉ.’ आणि ‘कु.’ ही दोन उपपदे एकत्र घेऊ नयेत. पण तुझ्या नावाचा विचार येऊन थांबलो.) आतून धोंडाबाई कडाडल्या, “पाटीचं काय घेऊन बसला रे? तू झालास तवा मी दोन दिस अडले हुते. गावात डाक्टर हुता का? म्हशीसाठी आलता तो ढोराचा डाक्टर, त्यानंच तुला बाहेर काढलं. काय वाईट झालं तुझं? अन् पोरीला इचारलंस का कधी? फोन लाव अन् तिलाच इचार.”

रेंज फक्त विहिरीजवळच्या ट्रॉलीवर चढल्यास मिळते. शेषेराव चढले, मागून मला ओढून घेतले. फोन मोठ्या आवाजावर लावला. “काय गं, तुला खरंच ढोराचंच करायचं हाय?” पलीकडून बारीक आवाज आला, “हाव.” “कवापासून?” “पहिल्या परीक्षेच्या आधीपासून, अप्पा.” “मंग बोलली का न्हाईस?” “तुमी इचारलंच न्हाई. पाटीच दाखवली.” शेषेरावांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते ट्रॉलीच्या कडेला जाऊन उभे राहिले, पाठ करून.

ओटीपी आला तेव्हा चार वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. जिलानीला फोन लागला. मी रिवाजाप्रमाणे प्रथम नमस्कार सांगितला, त्याच्या मातोश्रींच्या गुडघ्यांची चौकशी केली, आपण ज्या कारणास्तव फोन केला ते थोडक्यात मांडले आणि अंक सांगण्यास प्रारंभ केला, तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. मध्येच रेंज गेली. शेषेरावांनी मला ट्रॉलीच्या फळीवर चढवले आणि माझे धोतर नसून पँट आहे हे पाहून पट्ट्याला धरून ठेवले. तेव्हा, दामिनी, मी नमस्कार न सांगता, नाव न सांगता, नुसते सहा अंक ओरडलो. विहिरीवरची कबुतरे उडाली. पलीकडून साक्षीचा आवाज आला, “झालं सर. उदगीर वर आहे.” चार वाजून एकेचाळीस मिनिटे.

पहिल्याच फेरीत तिला उदगीर मिळाले. लोक माझे अभिनंदन करू लागले आहेत, ते मला मान्य नाही. माझा वाटा इतकाच की मी एक बरोबर अर्ज बिघडविला आणि मग तोच अर्ज पूर्ववत केला. परंतु आता जिन्यावर पावले वाजतात, आणि येणारा माणूस समोर बसला की माझे पाय जागच्या जागी राहतात. तो उठून गेला की पुन्हा चालू लागतात. मी याचा आठवडाभर पडताळा घेतला आहे.

चार दिवसांपूर्वी रहमतबी चहा घेऊन वर आल्या. मी त्यांना विचारले की तू येथे माझ्याविषयी कधी बोलत असायचीस काय. “हाव तर. म्हनायच्या, आमच्या सरांना भाजी आनायला धाडलं तर ते भाजीवाल्यालाच इचारतात, कोनती घेऊ.” मी म्हणालो, हे खरे आहे. त्या हसल्या. मग त्यांनी मला ते सांगितले. तुझा तपासणीचा अहवाल येथे मंगळवारी आला होता. मला तू शुक्रवारी सांगितलेस. मी आजवर समजत होतो की अहवाल शुक्रवारीच आला. बुधवारी आणि गुरुवारी तू नेहमीप्रमाणे लोकांना बसवून त्यांचे ऐकत होतीस. मी विचारले, मंगळवारी ती कोणाला बोलली? “मला. म्हनल्या, रहमत, उपचार किती करायचे, कुठवर करायचे, काय ठरवू? मी काय सांगनार, सर? मला काय कळतं? मी बसले. दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली तरी बसले. मग त्याच म्हनल्या, ठरलं. सरांना शुक्रवारी सांगते, मध्ये सांगितलं तर ते टाइमटेबल बघत बसतील.”

मी तुला दोष देत नाही. मला मंगळवारी सांगितले असते तर मी दोन रकान्यांचा तक्ता केला असता. तू माझ्यासाठी सर्व ठरवून आणलेस आणि मी नेहमीप्रमाणे मान्यता दिली. परंतु तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला उरलेल्या आयुष्यात सल्लागार व्हायचे नाही. ते मला येत नाही, हे आता जिल्हाभर सिद्ध झाले आहे. कोणाला मंगळवारी काही कळले तर शुक्रवारपर्यंत थांबावे लागू नये, एवढ्यापुरते कोठेतरी बसून राहावे असे वाटते. इतके उशिरा वाटले, याची मला लाज वाटते.

तेथील सर्वांस यथायोग्य सांगावे. तुझ्या आईंस माझा नमस्कार. त्यांनी मला शेवटपर्यंत ‘बरा आहे’ एवढेच म्हटले, ते मी कौतुक म्हणूनच घेतले आहे.

तुझा,
अमरनाथ विश्वंभर मामीडवार
(सेवानिवृत्त अधीक्षक)

ता.क. : वर ‘झोप ठीक’ असे लिहिले आहे, ते खरे नाही.

ता.क. : पत्राचा मूळ हेतू लिहावयाचा राहिला. तुझी खोली रिकामी झालेली नाही. गोण्या रिकाम्या आहेत. एका वर्गवाल्यास ती मुलांच्या राहण्यासाठी हवी आहे आणि रहमतबींनी त्याला उद्या सांगते म्हणून पाच वेळा सांगितले आहे. चौतीस वर्षांत ‘तुला काय वाटते’ हा प्रश्न मी तुला एकदाही विचारला नाही, तो आता विचारतो: ही खोली मी ठेवू काय? उत्तर सवडीने दे.

ता.क. : नांदेड, दि. १४ ऑगस्ट. उत्तराची तीन दिवस वाट पाहिली. अधिक थांबणे शक्य नव्हते. उद्या सुट्टी असल्याने लातुरात लोक सकाळपासून येतील. म्हणून मीच ठरविले. चूक असल्यास ती माझी समजावी. तुझ्या दोन साड्या, पुस्तके आणि स्वयंपाकघरातील मोठा डबा टेम्पोने पुढे लातुरास गेला आहे. नरसिंगराव म्हणाले, “सर, सापडलं वाटतं.” सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नांदेडच्या घराच्या खिडक्या लावल्या, दार बंद केले, कुलूप घातले, दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या नरसिंगरावांना परत केल्या. पोच मागितली नाही.